सक्ती करायचीच तर वरून करा

मार्च महिन्यात बँकेतल्या एखाद्या मित्राचा अचानक फोन आला, आधी मुलांची चौकशी झाली, मग आईच्या गुडघ्यांची झाली, की पुढचं वाक्य काय येणार हे मराठी मध्यमवर्गाला आता पाठ झालं आहे. "एक छोटीशी पॉलिसी आहे रे, एक वर्ष भर, पुढचं पुढे बघू." आपण वैतागतो, टाळतो, कधी भिडेखातर सहीही करतो. पण हा फोन येण्याआधी त्यानं स्वतःच्या नावावर एक, बायकोच्या नावावर एक आणि जमलंच तर सासऱ्यांच्या नावावर एक अशा पॉलिसी काढून झालेल्या असतात, हे आपल्या गावीही नसतं. आपला नंबर बराच खाली लागलेला असतो.

या मोहिमेच्या दिवसाला बँकांत 'लॉग-इन डे' म्हणतात; लॉग-इन म्हणजे विम्याचा एक नवा अर्ज संगणकात चढवणं. सकाळी क्षेत्रीय कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान येतं: प्रत्येक शाखेचे किमान दोन लॉग-इन, दुपारी चारपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत यादी फिरते, शून्यावरच्या शाखा लाल रंगात. संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो आणि त्यात 'निल' शाखांच्या मॅनेजरांनी चारचौघांत कारण सांगायचं असतं. आता तालुक्याच्या गावातली शाखा डोळ्यांसमोर आणा. पीककर्जाच्या नूतनीकरणाची रांग दारापर्यंत, पासबुकाचं मशीन बंद आणि घड्याळात पावणेचार. मॅनेजर कॅशियरकडे बघतात, कॅशियर क्लार्ककडे. मागच्या तिमाहीत कॅशियरनं घेतली होती, म्हणजे या वेळी पाळी क्लार्कची. फॉर्म भरला जातो, तिच्या खात्यातून वर्षाचा हप्ता वळता होतो, यादीतला लाल रंग जातो. सक्ती कोणीच केलेली नसते. लेखी तर अजिबात नसते.

सगळ्या बँकांत रोज हेच चालतं असं मी म्हणत नाही. पण बँकेत नोकरी करणारं माणूस घरात असेल तर हे वर्णन वाचून त्या घरात कोणी चकित होणार नाही. प्रश्नही बँकांपुरता नाही. आपल्या माणसांनी आपलाच माल वापरावा, असा आग्रह मालकानं धरावा का? धरला तर कोणासाठी? माझं म्हणणं असं की आग्रहात मुळात चूक काही नाही, तो चुकीच्या दिशेनं वाहतो ही अडचण आहे. माल सुधारण्याची ताकद ज्याच्या हातात आहे त्याच्यावर ही सक्ती जरूर करावी. आपल्याकडे ती होते ज्याला कोणी विचारत नाही त्याच्यावर, आणि तीही त्याच्याच पगारातून.

पगाराचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो जुना आहे आणि मुंबईच्या मातीतला आहे. गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणताना कापडात दोष राहिला तर ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून कापायची, अशी पद्धत होती. सूत कच्चं होतं की साचा जुना होता की माणसाचा हात चुकला, याचा निवाडा करणारे गिरणीचेच. विणकराला नको असलेलं कापड मिळायचं, आणि तो ते मिळेल त्या भावात फुंकून टाकायचा. मालकाच्या दृष्टीनं हिशेब चोख होता: नासलेला मालही विकला गेला, गिऱ्हाईक कामगारच. १९२९ ते १९३१ या काळात जे रॉयल कमिशन हिंदुस्थानातल्या मजुरांच्या स्थितीची चौकशी करत होतं, ज्यात आपले कामगार नेते ना. म. जोशीही सदस्य होते, त्याच्यापुढे दंड आणि पगारकपातीच्या या तक्रारी आल्या. पुढे १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. पगार चलनातच द्यायचा आणि कायद्यानं परवानगी दिलेल्या कारणांखेरीज त्यातून काही कापायचं नाही, हे त्यानं ठरवून दिलं.

ब्रिटनमध्ये हा धडा शंभर वर्षं आधीच गिरवून झाला होता. तिथले खाणमालक आणि कारखानदार पगाराऐवजी माल द्यायचे, किंवा फक्त कंपनीच्या दुकानात चालणारी टोकनं. १८३१ च्या ट्रक ॲक्टनं ते बेकायदा ठरवलं ('ट्रक' म्हणजे इथे पगाराऐवजी माल देण्याची पद्धत). त्या कायद्याचं दुसरं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. पगार कुठे, कसा आणि कोणाकडे खर्च करायचा याबद्दलची अट नोकरीच्या करारात प्रत्यक्ष किंवा आडून घातली, तर तो करारच रद्द. 'आडून' हा शब्द त्यांना तेव्हाच सुचला होता, यातच सगळं आलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या ९५ क्रमांकाच्या करारातही तेच तत्त्व आहे: कामगारानं आपला पगार कसा वापरावा या स्वातंत्र्यावर मालकानं कोणत्याही प्रकारे मर्यादा घालता कामा नये. भारतानं या करारावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आता आपल्या क्लार्कबाईंकडे परत या. त्यांच्या पगारातून काही कापलं गेलं का? नाही. पगार पै न् पै खात्यात आला. दोन दिवसांनी, त्यांच्याच सहीनं, त्यांच्याच खात्यातून हप्ता गेला. १९३६ चा कायदा राखण करतो ती पगाराच्या दारात, आणि इथे पैसा आत येऊन मागच्या दारानं बाहेर जातो. त्यातून हा कायदा ठरावीक पगारापर्यंतच लागू होता. २०१७ पासून ती मर्यादा महिना २४ हजार रुपये होती, म्हणजे बँकेतला जवळपास कोणीच त्यात बसत नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनं ही पगाराची अट काढून सगळ्या कर्मचाऱ्यांना कपातीविरुद्धचं संरक्षण दिलं, हे चांगलंच झालं. मागचं दार मात्र तसंच उघडं आहे, कारण तिथे कपात नसते, 'संमती' असते. बदलीची यादी ज्याच्या टेबलावर आहे त्यानं मागितलेल्या संमतीला काय किंमत द्यायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

यावर साहेबलोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं. तुझाच तुझ्या मालावर विश्वास नसेल तर गिऱ्हाइकानं का ठेवावा? हे उत्तर मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. स्वतःच्या खानावळीत न जेवणाऱ्या खानावळवाल्याकडे आपणही जेवत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटापासून हा शिरस्ताच पडला की आपण लिहिलेली प्रणाली आधी आपण वापरायची. विंडोज एनटी ही संगणक प्रणाली घडत होती तेव्हा ती बनवणाऱ्या डेव्ह कटलर यांच्या चमूला अर्धीकच्ची एनटीच रोजच्या कामाला वापरावी लागे. मशीन कोलमडलं की ज्याच्या चुकीनं कोलमडलं तो शेजारीच बसलेला असायचा. शिव्या थेट पोचायच्या आणि दुरुस्तीही लगेच व्हायची.

या उदाहरणात तीन गोष्टी आहेत ज्या आपल्या शाखेत नाहीत. संगणक कंपनीचा होता, कोणी खिशातून विकत घेतला नव्हता. वापरणाऱ्याला बोंब मारायची मुभा होती, किंबहुना तेच त्याचं काम होतं. आणि त्रास ज्याला व्हायचा, दुरुस्तीही त्याच्याच हातात होती. क्लार्कबाईंना पॉलिसीतली खोट दिसली, आणि ती त्यांना चांगलीच दिसते, तर त्यांनी ती कोणाला सांगायची? विमा योजना आखणारे वेगळ्या कंपनीत, वेगळ्या शहरात. बँकेला त्यातून कमिशन मिळतं. खोट काढणाऱ्याला मिळतो 'निगेटिव्ह ॲटिट्यूड' असा शिक्का.

सक्ती योग्य माणसावर कशी करावी याचा एक नमुना मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलात तयार झाला आहे. एप्रिल २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या नियामकानं, फंड कंपन्यांना सांगितलं की तुमच्या प्रमुख कर्मचाऱ्यांच्या पगारातला किमान २० टक्के भाग, ते ज्या योजना सांभाळतात त्याच योजनांच्या युनिटच्या रूपात द्या, आणि तीन वर्षं तो काढू देऊ नका. त्या ऑक्टोबरपासून ते लागूही झालं. लोकांचे पैसे ज्या बोटीत बसवता त्याच बोटीत तुम्हीही बसा, असा सरळ विचार. फंड मॅनेजर, मुख्य कार्यकारी, संशोधन करणारे, म्हणजे निर्णय घेणारी मंडळी. तक्रारी झाल्याच. ज्या तरुण विश्लेषकाचा घराचा हप्ता चालू आहे त्यानं पगाराचा पाचवा हिस्सा तीन वर्षं अडकवायचा कसा? मग २०२५ मध्ये सेबीनं पगाराप्रमाणे पायऱ्या केल्या. वर्षाला २५ लाखांपेक्षा कमी मिळवणाऱ्यांना अटीतून मोकळं केलं आणि जसजसा पगार वाढेल तसतसा सक्तीचा वाटा वाढत नेला. याच लेखाचा मुद्दा नियामकानं नियमावलीत उतरवला म्हणा ना: अधिकार जितका मोठा तितकी सक्ती मोठी, आणि तळाला सुटका.

तळच्या माणसाला गिऱ्हाईक बनवण्यात त्याचं नुकसान तर आहेच, पण मालकाचेही डोळे फुटतात. जपानमध्ये टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना नववर्षाच्या शुभेच्छापत्रांचे कोटे असायचे. ते पुरे होईनात म्हणून कर्मचारी स्वतःच गठ्ठ्यानं कार्डं विकत घेत आणि स्वस्तात तिकिटं विकणाऱ्या दुकानांत तोट्यात फुंकत. तिथल्या किराणा-दुकानांच्या साखळ्यांत अर्धवेळ काम करणाऱ्या पोरांना उरलेले नाताळचे केक घरी न्यावे लागल्याच्या बातम्या दरवर्षी येत. वरच्या कार्यालयात मात्र आकडे छान दिसायचे. शुभेच्छापत्रं लिहिणारी माणसंच कमी होत चालली आहेत, ही खरी बातमी त्या आकड्यांखाली दबून राहायची.

आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये एका इंग्रजी दैनिकानं जनधन खात्यांबद्दल असंच काहीसं उघडकीला आणलं होतं. शून्य शिल्लक असलेल्या खात्यांचं प्रमाण कमी दिसावं म्हणून एक कोटीहून अधिक खात्यांत प्रत्येकी एक रुपया जमा झालेला आढळला, आणि तो आपण खिशातून टाकल्याचं काही बँक कर्मचाऱ्यांनीच सांगितलं. योगायोग असा की त्याच महिन्यात अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. एकेका गिऱ्हाइकाच्या गळ्यात आठ-आठ सेवा मारायचं लक्ष्य गाठता गाठता कर्मचाऱ्यांनी लोकांच्या नकळत सुमारे २० लाख खाती उघडली होती, आणि त्याआधीची पायरी म्हणजे स्वतःच्या घरच्यांच्या, नातेवाइकांच्या नावावर खाती काढणं. बँकेनं ५,३०० जणांना नारळ दिला. त्यात बहुसंख्य खालचे. बऱ्याच गदारोळानंतर ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी जॉन स्टम्फ यांनाही जावं लागलं. माझ्या मते त्यातला सर्वात महत्त्वाचा धडा नेहमी निसटतो: घरच्यांच्या नावावर काढलेलं पहिलं खातं हीच धोक्याची घंटा होती. त्या टप्प्यावर कोणी विचारलं असतं की आपल्या विक्रीपैकी किती आपल्याच माणसांनी घेतलेली आहे, तर पुढचं पाप टळलं असतं.

सरकारही मालक असतं, तेव्हा त्याचाही हिशेब व्हायला हवा. जुलै २००९ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं आदेश काढला की विमानाचा खर्च सरकार करणार असेल तर कर्मचाऱ्यानं एअर इंडियानंच जायचं. दौरा असो की एलटीसी, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाची सवलत. दुसऱ्या विमानानं जायचं तर आधी परवानगी. गोव्याला किंवा अंदमानला सहकुटुंब निघालेल्या कितीतरी कारकुनांनी त्या काळात खासगी विमानाचं निम्म्या दराचं तिकीट पडद्यावर बघून सुस्कारा सोडला असेल. इथे खिसा सरकारचा होता, म्हणून पगाराचा मुद्दा लागू होत नाही. पण हक्काच्या उतारूंचा हा पुरवठा बारा वर्षं चालू राहिला आणि ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटींचं कर्ज साचलेलं होतं. कर्जाची कारणं अनेक. २००७ चं विलीनीकरण आणि विमान खरेदी ही त्यातली मोठी. सक्तीनं कंपनी बुडवली असं मी म्हणणार नाही. ती सावरली मात्र मुळीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली, आणि त्याच महिन्याअखेर अर्थ मंत्रालयानं सगळ्या खात्यांना कळवलं की एअर इंडियाची जुनी थकबाकी ताबडतोब चुकती करा आणि यापुढे तिकीट रोखीनं काढा. म्हणजे सक्तीचं हे गिऱ्हाईक उधारीचंही होतं!

इथवर बऱ्याच वाचकांनी मान डोलावली असेल. आता जिथे अनेकांचं माझ्याशी जमणार नाही तिथे येतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची मुलं जिल्हा परिषदेच्याच शाळेत गेली पाहिजेत, ही मागणी आपल्या पारावर, रेल्वेत, लग्नाच्या पंगतीत हमखास टाळ्या घेते. तालुक्याच्या गावी घर, मुलगा इंग्रजी माध्यमात, आणि गुरुजी रोज मोटारसायकलवरून वाडीवरच्या शाळेत. लोकांना ते खुपतं, आणि का खुपतं ते मला समजतं. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशात तसा आदेशच दिला होता. पण तो नीट वाचला तर लक्षात येतं की रोख एकट्या शिक्षकांवर नव्हता. सरकारी तिजोरीतून पगार घेणारे सगळे, लोकप्रतिनिधी आणि न्यायाधीशसुद्धा त्यात होते. खासगी शाळेत जितकी फी भराल तितकी रक्कम सरकारजमा करा, असंही त्यात म्हटलं होतं. तो आदेश प्रत्यक्षात उतरला नाही, हे सांगायला नकोच.

माझं मत असं: गुरुजींना सोडा. पाच वर्गांना दोन शिक्षक का, हे त्यांना विचारून उपयोग नाही. निवडणुकीचं काम, जनगणना, सर्वेक्षण, पोषण आहाराचे फोटो अपलोड करणं, यातलं काहीही त्यांनी अंगावर ओढून घेतलेलं नाही. त्यांचं मूल त्या शाळेत बसल्यानं तिसरा शिक्षक येणार नाही. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचं, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं, पालकमंत्र्यांच्या नातवाचं नाव त्या हजेरीपटावर असेल तर कदाचित येईल. ज्याच्या सहीनं पद भरलं जातं त्याच्या घरात त्या रिकाम्या पदाची झळ पोचली पाहिजे. मुलांच्या शिक्षणाचा निर्णय कायद्यानं लादावा का, याबद्दल मला शंका आहे. पण लादायचाच असेल तर यादीची सुरुवात कुठून करायची, याबद्दल नाही.

वरच्या माणसाला माल वापरायला लागला की काय होतं याचं एक छोटं उदाहरण अजून ताजं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये झोमॅटोचे प्रमुख दीपिंदर गोयल पत्नीसह लाल टीशर्ट घालून पार्सलं पोचवायला निघाले. गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये त्यांना लिफ्टकडे फिरकू दिलं नाही, जिना दाखवला. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं, चर्चा झाली, मॉलवाल्यांशी बोलायला हवं असंही ते म्हणाले. कोणी त्याला जाहिरातबाजी म्हटलं, असेलही. पण तो जिना हजारो पोरं रोज चढत होती आणि त्यांच्या सांगण्यानं तो कधी बातमी झाला नव्हता. अमेरिकेत डोअरडॅश या घरपोच खाणं पोचवणाऱ्या कंपनीनं तर सगळ्या कर्मचाऱ्यांना, अगदी प्रमुखांसकट, महिन्यातून एकदा पार्सल पोचवण्याची अट घातली तेव्हा काही इंजिनिअर साहेबांना ते फार लागलं. लागायलाच हवं होतं.

उरलेल्या लहानसहान प्रकारांबद्दल फार लिहायची गरज नाही. पगार आपल्याच बँकेच्या खात्यात घ्या, हे ठीक. त्यात कोणाचं काही जात नाही. कंपनीचा फोन कंपनीनं दिला, तो कंपनीच्या कामाला वापरा, हेही ठीक. कपड्यांच्या दुकानात उभं राहण्यासाठी दर हंगामाला दुकानातलाच नवा माल अंगावर हवा आणि तो पगारातून घ्यायचा, हे ठीक नाही. ॲबरक्रॉम्बी अँड फिच या साखळीनं २००३ मध्ये कॅलिफोर्नियात याच कारणासाठी २२ लाख डॉलर मोजून तडजोड केली. गणवेश लागतो तर मालकानं द्यावा. खांद्यावरची जाहिरातीची पिशवी डिलिव्हरीच्या पोरानं स्वतः विकत घ्यायची, ही आपल्याकडची रीत त्याच माळेतली.

बँकांच्या बाबतीत करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईत बँकांना सुनावलं होतं की विमा गळ्यात मारण्यानं कर्जदाराचा खर्च आडून वाढतो, तुम्ही मूळ बँकिंगकडे लक्ष द्या. ग्राहकासाठी ते योग्यच होतं. त्यात काउंटरच्या आतल्या ग्राहकाचीही भर घालायला हवी. कर्मचारी आणि त्याचं जवळचं कुटुंब यांनी घेतलेली पॉलिसी शाखेच्या उद्दिष्टात मोजूच नये. एवढी एक ओळ परिपत्रकात आली तर लॉग-इन डेचा निम्मा जोर ओसरेल, कारण मग तसला लॉग-इन करून यादीतला लाल रंग जाणारच नाही. ज्याला पॉलिसी खरोखर हवी आहे तो तशीही घेईल. कर्मचाऱ्यांच्या पॉलिसीपैकी किती दुसऱ्या वर्षी चालू राहिल्या, हा आकडा वेगळा काढून संचालक मंडळासमोर ठेवावा. संघटनांनीही पगारवाढीच्या वाटाघाटींत ही मागणी महागाई भत्त्याच्या शेजारी बसवावी; आज ती कुठल्या तरी निवेदनाच्या सतराव्या मुद्द्यात सापडते. आणि वार्षिक अहवालात, संचालकांच्या मानधनाचा तक्ता जिथे छापतात त्याच पानावर, आणखी एक रकाना असावा: गेल्या वर्षी आपली बँक जी विमा योजना विकत होती, ती यांपैकी किती जणांनी स्वतःसाठी घेतली.